पांढरी चार

"हवा गळतीय कुठंतरी," असं म्हणून नानांनी पियानोच्या पाठीमागं डावा हात घातला आणि ते भाता चाचपू लागले.

भाता नव्हताच. हाताला लागली ती एक वायर, आणि ती सरळ भिंतीतल्या प्लगपर्यंत गेलेली. रविंद्र, त्यांचा मुलगा, हसून हसून खाटेवर बसला. वापरलेला पण चांगला जपलेला हा डिजिटल पियानो त्याने पुण्यात घेतला होता आणि त्या दिवशी सकाळीच टेम्पोत घालून निमगाव केतकीला घरी आणला होता.

"नाना, ह्याला हवा लागत न्हाय. लाईटीवर चालतो ह्यो."

"मग सूर मरतोय का? बघ की." नानांनी एक पट्टी दाबली आणि दाबूनच धरली. टणकन सूर उठला, घरभर फिरला आणि बोट जागचं हललेलं नसतानाही विझत विझत गेला. पेटीचा सूर असा मरत नाही. भात्यात हवा आहे तोवर पेटी बोलतच राहते. जन्मभर पेटी वाजवलेल्या माणसाला दाबलेल्या पट्टीखाली सूर मरताना बघून कसंतरीच झालं.

"खऱ्या पियानोच्या पोटात तारा आसत्यात. पट्टी दाबली की तारंवर हातोडी पडती. ठोका पडला की वाजतं, मग थांबतं. त्योच आवाज ह्यात भरलाय," रविंद्रने समजावलं.

"हातोडंच ठोकायचं व्हतं तर मी डेपोतनं रिटायर कशाला झालो?"

नाना इंदापूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. दिवसा गाड्यांची इंजिनं आणि संध्याकाळी पेटी, असा त्यांचा जन्म गेला. पेटी वाजवायची ती बायकोसाठी. 'छबूबाई आणि पार्टी' हे नाव इंदापूर-बारामतीकडच्या बौद्ध वस्त्यांमध्ये लहान पोरालाही माहीत होतं. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाच्या घराची वास्तू असो, छबूबाई गायला उभ्या राहायच्या आणि त्यांच्या डाव्या अंगाला नाना पेटी घेऊन बसायचे. पण गेल्या हिवाळ्यात नानांचा डावा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना आणि भाता मारताना डोळ्यांसमोर काजवे चमकू लागले. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याला आराम द्या, भाता बंद. आराम म्हणजे नानांच्या लेखी सुतकच. मग बारामतीच्या एमआयडीसीत कारखान्याला असलेल्या रविंद्रने डोकं चालवलं आणि भाता नसलेली ही लाईटीवरची पेटी घरात आणून ठेवली.

त्याने कसलंसं बटण दाबलं. "आता बघा. ऑर्गनचा आवाज लावलाय."

नानांनी पट्टी दाबली. सूर आला आणि राहिला. बोट उचलेपर्यंत राहिला. नानांचा चेहरा उजळला.

"हां. आता कसं माणसात आलं! ए छबू, ये हिकडं. काळी चार देतो, म्हणून बघ."

ज्यांनी कधी पेटीला हात लावला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. पेटीवर डावीकडून काळ्या पट्ट्या मोजायच्या आणि पांढऱ्या वेगळ्या मोजायच्या. ज्या पट्टीवर गाणारा आपला सा ठेवतो ती त्याची पट्टी, म्हणजे त्याच्या गळ्याची उंची. छबूबाईंची पट्टी काळी चार. बाईच्या गळ्याला ती उंच पट्टी आहे आणि छबूबाईंना तिचा मोठा अभिमान होता. दुसऱ्या गावची पार्टी भेटली की नाव सांगायच्या आधी त्या पट्टी सांगायच्या. "मी काळी चारची बाई हाय," असं म्हणताना त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

छबूबाई हात पुसत आल्या, नव्या वाद्याला नमस्कार केला आणि स्वतःच रचलेलं गाणं धरलं. 'पाटी घेऊन आले मी, दार उघडा शाळेचं.' लहानपणी ज्या शाळेच्या दारात उभं राहू दिलं नाही, त्या दाराचं ते गाणं. मुखडा खालच्या अंगाने जातो आणि अंतऱ्यात 'शाळेचं' हा शब्द थेट वर चढतो. तिथं गेल्यावर छबूबाईंचा आवाज अडकला. त्यांनी खाकरून पुन्हा घेतलं. पुन्हा अडकला.

"उंच बोलतंय अवो हे," त्या म्हणाल्या.

"आई, मशीन हाय ते. पेटीवानी उतरत न्हाय का चढत न्हाय. काळी चार म्हंजी काळी चारच," रविंद्र म्हणाला. पोरगा सरळ मनाचा होता. आपण काय बोलून गेलो हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

छबूबाई खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, "कन्हेरीला पायललाच गाऊ द्या. मी आपली कोरसला बसते."

कन्हेरीला नवा विहार बांधून झाला होता आणि बुद्धपौर्णिमेला त्याचं उद्घाटन होतं. पायल ही त्यांच्याच पार्टीत कोरसला बसणारी शेजारची पोर. छबूबाईंनी तिचं नाव घेतलं आणि नानांनी पट्टीवरचं बोट काढून घेतलं. कारण चूक मशीनची नव्हती आणि छबूबाईंच्या गळ्याचीही नव्हती. सगळं नानांनी करून ठेवलेलं होतं.

त्याचं असं झालं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी शेळगावला भर कार्यक्रमात अंतऱ्यावर छबूबाईंचा आवाज फाटला. वय झालं की गळा उतरतोच, कुणाचा चुकत नाही. पण घरी आल्यावर कार्यक्रमाला नेसायची निळ्या काठांची पांढरी साडी त्यांनी ट्रंकेच्या तळाशी घातली आणि दोन महिने घरात गुणगुणणंसुद्धा बंद केलं. भाकऱ्या थापताना ज्या घरात गाणं असायचं, तिथं नुसती थापटण्याची थप थप ऐकू यायला लागली. नानांना ते सोसेना.

नानांची पेटी स्केलचेंजरची होती. तिची सगळी पट्ट्यांची फळी एकेक खाच डावी-उजवीकडे सरकवता येते. फळी एक खाच सरकवली की बोट काळी चारवरच राहतं, पण आतून वाजतो तो शेजारचा, खालचा सूर. नानांनी एक खाच सरकवली, फळीच्या कडेला पडलेली फट दिसू नये म्हणून पेटीवर शाल अंथरली आणि बायकोला म्हणाले, "एकदा म्हणून तर बघ." छबूबाईंनी म्हटलं आणि आवाज मोकळा लागला. "आला की गं परत!" नाना ओरडले. साडी ट्रंकेतून वर आली. पुढे काही वर्षांनी नानांनी दुसरी खाच सरकवली, मग तिसरी. म्हणजे ज्या दिवशी हा पियानो घरात आला त्या दिवशी छबूबाई प्रत्यक्षात पांढरी चारमध्ये गात होत्या आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. पेटी नानांची, गळा आपला, अशी त्यांची वाटणी होती. त्यांनी पेटीला कधी हात लावला नाही आणि शालीखाली कधी डोकावून बघितलं नाही.

ही फसवणूक झाली का? नानांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की गाडीचं इंजिन जुनं झालं की चढाला गिअर खाली घ्यावा लागतो, आणि त्याला कुठलाही ड्रायव्हर फसवणूक म्हणत नाही. हे उत्तर त्यांनी मनात घोटून ठेवलं होतं. फक्त विचारणारं कुणी भेटलं नव्हतं.

"मशीनच बिघडलंय," नाना ठासून म्हणाले. "वापरलेलं हाय ना. उद्या बारामतीला दाखवून आणतो."

"नाना, आवो पण ह्यात बिघडायसारखं..."

"गप रं तू. इंजिनाचा आवाज ऐकून मी गाडीचा रोग सांगत व्हतो, तवा तू रांगत व्हतास."

दुसऱ्या दिवशी पियानो गोधडीत गुंडाळून नाना एसटीत चढले. सोबत पार्टीतला ढोलकीवाला सोपान होता. कंडक्टर ओळखीचा, त्याने मागचं आख्खं बाकडं मोकळं करून दिलं आणि "नाना, पाळण्यातलं बाळ हाय का काय?" असं विचारून घेतलं. बारामतीला उतरल्यावर नानांनी सोपानला ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, बदलायला पिटाळलं आणि भिगवण चौकाजवळच्या वाद्यांच्या दुकानात ते एकटेच शिरले. दुकानाचे मालक बापूसाहेब. पेट्या, ढोलक्या विकता विकता काळाबरोबर त्यांनी ही लाईटीवरची वाद्यंही ठेवायला सुरुवात केली होती, आणि कुणी काही विचारलं की त्यांना बोलायला ऊत यायचा.

त्यांनी सूर देणारी शिट्टी फुंकली आणि पियानोची पट्टी दाबली. दोन्ही सूर एकमेकांत साखरेसारखे विरघळले. "नाना, वाद्य एकदम फस्टक्लास हाय. सूर कुठं बी हललेला न्हाय."

"हलत कसा न्हाय? आमच्या पेटीचा उन्हाळ्यात वेगळा आन् पावसाळ्यात वेगळा."

"पेटीत पितळी सूर हायेत. हवा लागली की पत्ती थरथरती. पत्ती झिजती, गंजती, मग उतरती. ह्यात पत्तीच न्हाय." बापूसाहेबांनी टेबलावर उघडून ठेवलेलं दुसरं वाद्य पुढे ओढलं. पट्ट्या काढलेल्या होत्या आणि खाली रबराच्या टोप्यांची लांबच लांब ओळ दिसत होती. "परदेशात कुणीतरी खरा पियानो घेतला, एकेक पट्टी वाजवली, रेकॉर्डिंग केलं. हळू वाजवून येगळं, जोरात वाजवून येगळं. मग त्या आवाजाचं लाखभर तुकडं करून प्रत्येक तुकड्याचा आकडा लिहिला. ते सगळं आकडं ह्या नखाएवढ्या चिपमधी हायेत. तुमी पट्टी दाबली की मशीन ते आकडं झराझरा वाचतं, त्याची परत लाईट करतं आन् स्पीकरला देतं. किती झपाट्यानं वाचायचं ते आत एक स्फटिक ठरवतो, तुमच्या मनगटातल्या घड्याळात आसतो तसलाच. म्हणून सूर उतरत न्हाय."

नाना टेबलावर ओणवे झाले. आपण कशासाठी आलो तेच ते घटकाभर विसरले. "आन् हळू दाबलं का जोरात, ते त्याला कसं कळतं? काल मी पेटीवानी हलक्या बोटानं वाजवलं तर पियानोचा आवाज मुंगीएवढा."

"ह्या टोपीच्या पोटात बघा, दोन काळं ठिपकं. पट्टी खाली जाताना पहिला टेकतो, मग दुसरा. दोघांच्या मधी किती वेळ गेला ते मशीन मोजतं. वेळ कमी म्हंजी तुमी जोरात मारलं. मग ते जोराचा आवाज काढतं."

"आयला!" नाना म्हणाले. चांगलं इंजिन उघडं बघितलं की त्यांच्या तोंडून हाच शब्द निघायचा. "म्हंजी भात्याचं काम बी बोटाकडंच आलं."

मग त्यांनी दाराकडे बघून घेतलं. सोपान अजून आला नव्हता. आवाज खाली घेऊन त्यांनी विचारलं, "बापूसाहेब, ह्याला स्केलचेंजर आसतो का वो? बोट तितंच ठिवायचं आन् सूर तीन घरं खाली."

"आसतो की. ट्रान्सपोज म्हणत्यात. फळी सरकवायला नको, काय नको. मशीन नुसतं तीन घरं मागं मोजतं." बापूसाहेबांनी एक बटण तीनदा दाबलं. नानांनी काळी चार दाबली आणि पांढरी चारचा सूर बाहेर पडला. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण त्याच वेळी बटणाशेजारी एक बारीक लाल दिवा लागला.

"ह्यो दिवा कशाचा?"

"सूर सरकवलाय म्हणून सांगतो. माणूस इसरतो ना."

"बंद करता येतो का?"

"दिवा? त्यो कशाला बंद करायचा?" बापूसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. नाना पियानोवर गोधडी घालू लागले, आणि गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचं नाही ही बापूसाहेबांची रीत होती.

निमगावला परत जाताना नानांनी एसटीच्या मागच्या बाकड्यावर गोधडी उलगडली, डेपोच्या जुन्या पिशवीतून काळ्या टेपचं रीळ काढलं आणि नखाएवढा तुकडा दातांनी तोडून दिव्याच्या जागेवर चिकटवला. काळ्या पियानोवर काळी टेप, शोधायला गेलं तरी सापडली नसती. आपल्या कामावर ते बेहद्द खूश झाले. सोपान नव्या पुडीची ढोलकी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर डुलक्या काढत होता.

घरी आल्यावर त्यांनी दिवा न बघता बटण तीनदा दाबलं आणि बायकोला हाक मारली. छबूबाई आधी यायलाच तयार नव्हत्या. आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि तिथूनच गाणं धरलं. 'शाळेचं' आलं आणि आवाज सुतासारखा सरळ वर गेला. दोन पावलं आत येऊन त्यांनी परत घेतलं. परत गेला.

"काय झालं व्हतं वो मशीनला?"

"हवा गळत व्हती," नाना म्हणाले.

छबूबाई इतक्या आनंदात होत्या की लाईटीच्या पेटीत हवा कुठली, हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. त्या दिवसापासून घर पुन्हा गाण्याने भरलं. पायलला त्यांनी जवळ बसवून सांगितलं, "तू आजून कोरसच म्हण बाय. तुझी येळ येईल. माझी आजून गेली न्हाय." नाना भिंतीला टेकून ऐकत बसले. आपण जगातला सगळ्यात हुशार नवरा आहोत याबद्दल त्यांच्या मनात तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

बुद्धपौर्णिमेला कन्हेरीत मांडव पडला होता. ऊन कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. पुढे पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मागे पुरुष, विहाराच्या पायऱ्यांवर म्हातारी माणसं. कमिटीचे अध्यक्ष दादासाहेब भाषण आटोपशीर ठेवतो म्हणाले आणि नेहमीप्रमाणे लांबले. मग छबूबाई उभ्या राहिल्या. पहिली दोन-तीन गाणी अशी रंगली की बायका बसल्या जागी टाळ्यांनी ठेका धरायला लागल्या. रविंद्र सुट्टी काढून आला होता. तो पहिल्या रांगेत बसून आईकडे कमी आणि आपण आणलेल्या पियानोकडे जास्त बघत होता. नानांचा डावा हात मात्र अजून रिकामाच हवेत भाता मारत होता, आणि त्यावरून सोपान त्यांना ढोलकीआडून चिडवत होता.

चौथ्या गाण्याच्या शेवटाला लाईट गेली. माईक मुका झाला, पियानो मुका झाला. कन्हेरीकरांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. मेमध्ये लाईट जाणारच. सोपानने एकट्याच्या ढोलकीवर माणसं धरून ठेवली, मागे कुणीतरी जनरेटरची दोरी ओढत राहिलं, आणि थोड्या वेळाने तो धडधडत सुरू झाला. माईक बोलला. पियानोवरचे हिरवे दिवे एकामागून एक लागले. नानांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, ऑर्गनचा आवाज लावला आणि मान हलवली. लाल दिवा विझलेला होता. पण तो टेपखाली होता, आणि वाजवायला बसताना बटण तीनदा दाबायचं एवढंच नानांना माहीत होतं; मधेच लाईट गेली की सरकवलेला सूर पुन्हा मूळच्या जागी येतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

"आता माझं सोताचं गाणं म्हणते," छबूबाई माईकवर म्हणाल्या. "ज्या आयाबायांनी पाटी हातात धरली न्हाय, त्यांच्यासाठी."

नानांनी काळी चार दाबली. पहिल्या सुरालाच त्यांच्या मानेवर काटा आला. कान खोटं बोलत नव्हते, सूर वर होता. पण तोवर छबूबाईंनी मुखडा उचलला होता, सोपानने ठेका टाकला होता आणि बायकांच्या टाळ्या सुरू झाल्या होत्या. भर गाण्यात सूर खाली ओढला असता तर सगळ्यांना कळलं असतं. मुखडा कसाबसा निभावला. अंतरा आला, 'दार उघडा' आलं, आणि 'शाळेचं' वर चढताना आवाज मधोमध फाटला. माईकने तो फाटका आवाज मांडवाच्या चारी कोपऱ्यांत नेऊन टाकला.

टाळ्या थांबल्या. सोपानचा हात ढोलकीवर तसाच राहिला. छबूबाई गळ्याला हात लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत शेळगाव उभं राहिलेलं नानांना स्पष्ट दिसलं.

रविंद्र उडी मारून स्टेजवर आला. "आई, थांब जरा. मशीनचं कायतरी झालंय." त्याने बटणांवरून बोट फिरवलं, बोटाला टेप लागली, ती त्याने नखाने सोलून काढली. "नाना, ह्यो दिवा कुणी झाकला? तुमी ट्रान्सपोज लावला व्हता व्हय? लाईट गेली की उडतो त्यो. कितीवर व्हता?"

नानांनी बोटं पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवली.

छबूबाईंनी माईकवर तळहात ठेवला. "म्हंजी काय रं, रविंद्र?"

"सूर खाली घ्यायचं बटण हाय, आई. नाना बोट काळी चारवर ठिवणार, पण वाजणार खालचं..." एवढं बोलून रविंद्र थांबला. त्याने वडिलांच्या तोंडाकडे बघितलं आणि सोललेली टेप मुठीत आवळली.

छबूबाई वाकल्या. मांडवाला पाठ झाली. आता त्यांचा चेहरा फक्त नानांना दिसत होता.

"पेटीला बी व्हतं का ह्ये?"

"व्हय."

"कवापासनं?"

"शेळगावपासनं."

मनात घोटून ठेवलेलं गिअरचं उत्तर नानांच्या ओठांपर्यंत आलंसुद्धा नाही. नोकरीत इंजिनाखाली झोपून कामं केली, जॅक निसटताना बघितला, पण असं भय त्यांना कधी वाटलं नव्हतं. ही आता माईक खाली ठेवणार, साडी ट्रंकेत जाणार, आणि या वेळी ती बाहेर काढायला आपल्याकडे एकही खाच उरलेली नाही, एवढंच त्यांना कळत होतं. लोकांसमोर पाय धरावेत असंही क्षणभर वाटून गेलं.

"काय अडचण हाय का, बाई?" खालून दादासाहेबांनी विचारलं.

छबूबाई सावकाश वळल्या. माईकवरचा हात काढला. "अडचण न्हाय, दादासाहेब. सूर ठरवत व्हतो." मग त्या मांडवाकडे बघून म्हणाल्या, "लई वरसं झाली, गावोगाव सांगत फिरले, मी काळी चारची बाई हाय. तवा व्हते. आता न्हाय. आता माझा सूर..." त्यांनी मान वळवली. "सांगा वो. खरा सांगा."

"पांढरी चार," नाना म्हणाले. माईक त्यांच्याजवळ नव्हता, तरी पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं.

"पांढरी चार," छबूबाईंनी माईकवर सांगितलं. त्यांची मान ताठ होती. खाली बसलेल्या बायकांना पट्टीबिट्टीतलं काही कळत नव्हतं, पण बाई काहीतरी महत्त्वाचं सांगतेय एवढं त्यांना उमगलं, आणि एका म्हातारीने पायरीवरून मोठ्याने 'जय भीम' घातला.

नानांचा हात त्या बटणाकडे गेला.

"त्याला शिवू नका," छबूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "माझा सूर जितं हाय, बोट बी तितंच ठिवा. घरी गेल्यावर भांडू. आत्ता वाजवा."

नानांनी पांढरी चारवर बोट ठेवलं. सूर आला, छबूबाईंनी मुखडा घेतला आणि नाना अडखळले. हे गाणं रचलं गेलं त्या दिवसापासून ते काळी चारवरूनच वाजवत आले होते. सूर खाली सरकला तरी बोटांची वाट तीच राहिली होती. आता सगळी वाट बदलली होती. जिथं काळ्या पट्ट्यांवरून जायचं तिथं पांढऱ्या आल्या, आणि मध्यमाला हवी होती काळी पाच, तर बोट सवयीने शेजारच्या पांढऱ्यावर पडलं. चुकीचा सूर माईकमधून खणखणीत वाजला. सोपानने चमकून बघितलं. नानांनी ओळ पकडली, परत सुटली. म्हाताऱ्या बोटांना ठेक्याबरोबर धावता येईना.

छबूबाईंनी वळून बघितलं नाही. त्यांनी फक्त उजवा हात मांडीवर आपटून ठेका द्यायला सुरुवात केली, आणि तो सोपानच्या ठेक्यापेक्षा संथ होता. सोपान गोंधळला. जयंतीत धावणारं हे गाणं, इतकं हळू कधी कुणी म्हटलं नव्हतं. त्याने भुवया उडवून विचारलं. छबूबाईंनी नुसता हात आपटला, आणखी संथ. सोपान ठेका उतरवत उतरवत त्यांच्या हातावर आला. मागे बसलेल्या पायलने आणि कोरसनेही तीच संथ लय धरली.

गाणं आता चालत निघालं. शब्द एकेक करून लोकांपर्यंत पोचू लागला. टाळ्या वाजवणाऱ्या बायका टाळ्या विसरून ऐकू लागल्या. अंतऱ्यात 'शाळेचं' आलं, छबूबाई वर गेल्या आणि न तुटता तिथं राहिल्या. खाली कुणीतरी पदर डोळ्यांना लावला. बाईंनी आज मुद्दामच वेगळ्या चालीत म्हटलं, असं दादासाहेब शेजारच्याला सांगत होते.

प्रत्येक ओळ संपली की छबूबाई जरा थांबत होत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातून नानांच्या बोटांकडे बघत होत्या. बोट पुढची पट्टी शोधायचं, चाचपायचं आणि बसायचं. ते बसलं की मगच त्या शब्द उचलत होत्या.